सहावा रकाना

पंचायतीने पाच रकाने मागितले होते. सहावा मी माझ्या मनाने घातला. त्या एका रकान्यामुळे एका बाईचं तिच्या पाड्यातलं स्थान जायची वेळ आली, आणि तिच्यापाठोपाठ बेचाळीस घरांच्या पाण्याची टाकी चुकीच्या जागी बसणार होती. चूक माझ्या अक्षरात होती, म्हणून ती मीच लिहून ठेवते आहे.

मी सिल्वासात मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. माहेर तळकोकणातलं, सासर धुळ्याकडचं, आणि गेली बावीस वर्षं बिऱ्हाड इथेच, शहरातल्या आमली भागात. नवरा खडोलीला सुताच्या कंपनीत आहे. त्याच्या कंपनीच्या पुढून एक कच्चा रस्ता डावीकडे चढत जातो. त्या रस्त्याने अडीच किलोमीटर गेलं की वारल्यांचा पाडा लागतो.

नववीतल्या दोन मुली पहिल्या तासाला कधीच वेळेवर येत नसत. कारण विचारलं तर दोघी म्हणायच्या, पाणी. एका रविवारी मी बघायला गेले. पाड्याची वस्ती उतारावर आहे, हातपंप सगळ्यात खाली, रस्त्याला लागून. वरच्या शेवटच्या घरापासून पंपापर्यंत मी पावलं मोजली : सहाशे चौदा. उतरताना सहा मिनिटं लागली. भरलेला हंडा घेऊन वर चढायला त्या मुलींना तेरा. सकाळच्या तीन खेपा. त्यानंतर मुलींना उशिराबद्दल बोलणं मी बंद केलं आणि दर रविवारी दुपारी पाड्यावर जाऊ लागले. बायांच्या गटाला वाचायला आणि हिशेब करायला शिकवायचं, एवढंच ठरलं होतं.

गटाची प्रमुख बत्तीस वर्षांची होती. चौथीपर्यंत शिकलेली, खडोलीत एका कंपनीत पॅकिंगला जाणारी, दोन मुलांची आई. बेरजा ती माझ्याइतक्याच पटकन करायची, फक्त बोटांवर. पंचायतीत पाच-सहा खेपा घालून तिनेच पाड्यासाठी टाकी आणि नळ मंजूर करून घेतले होते. टाकी कुठे बसवायची ते पाड्याच्या पाणी समितीने ठरवायचं होतं, आणि समितीची अध्यक्ष तिलाच करायचं असं गटात ठरलं होतं.

टाकी वर, टेपावर म्हणजे टेकाडाच्या माथ्यावर बसली तर पाणी आपसूक उतरून सगळ्या बेचाळीस घरांना जाणार होतं. ती खाली बसावी अशी एका माणसाची इच्छा होती. तो त्याच पाड्याचा, पंचायतीचा सदस्य, आणि त्याने रस्त्याकडेला कंपनीच्या कामगारांना भाड्याने द्यायला चौदा खोल्या बांधल्या होत्या. खाली टाकी म्हणजे त्या चौदा खोल्या आणि आजूबाजूची नऊ घरं. वरच्या तेहतीस घरांचा हंडा डोक्यावरच राहणार होता.

समितीसाठी घरांची यादी हवी होती. पंचायतीच्या सचिवाने पाच रकाने सांगितले : घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, पुरुष, स्त्रिया, मुलं. मी कागद आखायला बसले आणि सवयीने सहावा रकाना ओढला, वैवाहिक स्थिती. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर तो असतो. माहिती जास्त असलेली बरी, असं मला आयुष्यभर वाटत आलं आहे.

यादी करायला एक अख्खा रविवार लागला. सहाव्या रकान्याचा प्रश्न आला की बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. अकरा जणींनी सांगितलं, लग्न नाही झालं. त्यातल्या सात जणींच्या कडेवर किंवा पदराआड मूल होतं. गटप्रमुखही त्या अकरांतलीच. तिने चुलीवरचा भात ढवळत सांगितलं, "लगीन नाय झालं अजून. बारा वरसं झाली इथं येऊन." तिचा माणूस शेजारीच बसून दोरी वळत होता. तोही हसला. मी विचारलं, म्हणजे नक्की काय लिहू? ती म्हणाली, हाय ते लिहा.

माझ्याकडे दोनच शब्द होते, विवाहित आणि अविवाहित. मी खरं तेच लिहायचं ठरवलं आणि अकरा ठिकाणी दुसरा शब्द लिहिला. पुढे कंसात प्रत्येकीचं माहेरचं गावही टाकलं. खाली सही केली, वर ओळ लिहिली : माहिती समक्ष घेतली आहे, आणि यादी पंचायतीत देऊन आले.

त्या पाड्यात लग्न म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, बोलणं पक्कं होतं, आणि मुलगी येऊन संसाराला लागते. तिथून पुढे ती त्या घरची. लग्नाचा विधी वेगळा. त्याला मांडव लागतो, सगळ्या पाड्याला जेवण लागतं, लग्न लावणारी धवलेरी लागते, ती रात्रभर गाते. ते जमेल तेव्हा होतं. कुणाचं दोन वर्षांनी, कुणाचं वीस. तोवर त्या बाईला पाड्यात कुणी अर्धी धरत नाही. अर्धी धरली ती मी.

पुढच्या आठवड्यात, सोमवारी मधल्या सुट्टीत, गटप्रमुख शाळेच्या फाटकात उभी दिसली. पॅकिंगची पाळी बुडवून आली होती. तिने घडी घातलेला कागद पुढे केला.

"मला वाचता येतंय," ती म्हणाली. "पण तुमी वाचा."

ती पंचायतीत दाखल झालेल्या आक्षेपाची प्रत होती. सदर महिला अविवाहित असून अन्य गावची रहिवासी आहे, तिचं मतदार यादीतलं आणि रेशनकार्डावरचं नावही त्याच गावी आहे, म्हणून ती या पाड्याच्या समितीवर येऊ शकत नाही. सोबत पुरावा म्हणून माझी यादी जोडली होती. सहीसकट. निर्णय गुरुवारच्या ग्रामसभेत होणार होता.

मी ते मोठ्याने वाचलं. ती फाटकाच्या गजावर हात ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने कागद परत घेतला, होती तशीच घडी घातली आणि म्हणाली, कंपनीतून महिन्यात एकदाच सुट्टी मिळते, गुरुवारी परत मागावी लागेल. ती मला रागे भरली असती तर बरं झालं असतं.

शाळा सुटल्यावर मी थेट पंचायतीत गेले. सचिव माणूस वाईट नव्हता. त्याने तोडगा सांगितला : दोघांनी प्रतिज्ञापत्र करावं की अमुक वर्षी आमचा विवाह झाला आहे. नोटरीचा शिक्का आणला की आक्षेप तिथेच संपला. मी विचारलं, पण झालेला नाही ना? त्याने समोरची फाईल मिटली. मग हिंदीत म्हणाला, मॅडम, आपने ही तो लिखा है, अब आप ही सुधारिए.

मंगळवारी संध्याकाळी मी पाड्यावर गेले. गटप्रमुख दारात तांदूळ निवडत बसली होती, आणि तिची सासू ओट्यावर पाय पसरून. मी चूक कबूल केली. रकाना मागितला नव्हता, मीच घातला, हेही सांगितलं. मग प्रतिज्ञापत्राचं सांगितलं. खोटं लिहायला माझाच हात वळत नव्हता, तरी सांगितलं, कारण दुसरी वाट दिसत नव्हती.

सून तांदळातून मान वर न काढता म्हणाली, नाय.

मी म्हटलं, एक कागद तर आहे. टाकीचं काम होऊन जाईल.

"कागदावर झालं म्हणून सांगितलं, की झालं," ती म्हणाली. "मग उद्या मांडव घालीन तेवा धवलेरी इचारेल, तुजं तर झालंय म्हणे. माज्यासाठी ती परत गाणार हाय का?"

सासू मध्येच हसायला लागली. हसताना तिला खोकला आला. तिने सांगितलं की सुनेचं लग्न होणार तरी कसं, आधी तिचं स्वतःचंच बाकी आहे. सासूचं राहिलेलं असताना सुनेचं लागत नाही. दोघींचं एकाच मांडवात करायचं, पुढच्या भातकापणीनंतर, असं घरात ठरलं होतं. म्हातारा तयार होता, फक्त त्याचे गुडघे तयार नव्हते.

"मास्तरीण बाई," ती म्हणाली, "आमाला मोजायला शिकवता तुमी. आन् सहा मानसं एका चुलीवर जेवताना दिसली नाय तुमाला?"

मी म्हटलं, दिसली होती.

"मग ती का नाय लिवली?"

मी सुचवलं की यादी परत मागून दुसरी लिहून देते. सून आता पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. तिचं म्हणणं असं की आक्षेप आल्यावर कागद बदलला तर तो सदस्य म्हणणार, बघा, चोरी पकडली. कागद आहे तसा राहू दे. "तुमच्या अक्षरात हाय," ती म्हणाली. "तुमच्याच तोंडानं सभेत सांगा."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. सरकारी शिक्षिकेने पंचायतीच्या सदस्याविरुद्ध सभेत उभं राहायचं, याचा अर्थ त्याला माझ्याआधी कळला. त्या सदस्याची शिक्षण खात्यात ओळख होती. बदली दूरच्या शाळेत होऊ शकत होती, आणि आमची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. हे सगळं तो शांतपणे बोलला. बुधवारी मी रजेचा अर्ज लिहीत होते तेव्हा त्याने विचारलं, कारण काय लिहिलंस?

"वैयक्तिक."

"हे तरी खरं का?" तो म्हणाला, आणि माझा चष्मा पुसून माझ्यासमोर ठेवला.

गुरुवारी अकरा वाजता पंचायतीच्या आवारात ग्रामसभा बसली. आजूबाजूच्या चार पाड्यांची माणसं होती. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. टेबलामागे सरपंच बाई, शेजारी सचिव, आणि बाजूच्या खुर्चीत तो सदस्य. पांढरा सदरा, पायांत नवे बूट, हातात माझी यादी. मी बायांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले. बोलायची दोन वाक्यं मी रिक्षात सतरा वेळा म्हणून बघितली होती.

विषय आला. सदस्य उभा राहिला. त्याने अकराही नावं वाचली. प्रत्येक नावापुढे थांबून तो माझा शब्द वाचायचा. पाचव्या-सहाव्या नावाशी पुरुषांत कुणीतरी हसलं. ज्यांची नावं वाचली जात होती त्यांतल्या दोघी-तिघींनी पदर पुढे ओढला. मी त्यांना आजवर पदर ओढताना पाहिलं नव्हतं. मग तो गटप्रमुखाकडे वळला आणि म्हणाला, कागदाचं राहू दे, तूच सांग. लग्न झालंय का तुझं? हो की नाही?

ती उभी राहिली. "नाय," म्हणाली.

सदस्याने हात पसरले आणि तो खाली बसला.

मी पुढे आले. म्हटलं, ही यादी माझी आहे, आणि हा रकाना. एवढंच झालं. सचिवाने हात वर केला. मी या गावची रहिवासी नाही, ग्रामसभेची सभासद नाही, मला बोलता येणार नाही. नियम बरोबर होता. मला नियम माहीत होता. माझं रेशनकार्ड आमलीचं, माझं मत आमलीचं. पाठ केलेलं दुसरं वाक्य तोंडातच राहिलं आणि मी सगळ्यांसमोर मध्येच उभी राहिले, मागे जावं की तिथेच थांबावं ते न कळून. सदस्य मला म्हणाला, "बसा बाई. तुमचं काम तुम्ही चांगलं केलंय. अक्षर सुंदर आहे."

या वेळी बरेच जण हसले. गटप्रमुख अजून उभीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा उजवा हात तिच्या पदराचं टोक वळत होता, पिळल्यासारखा. सचिवाने लिहायला पेन उचललं.

तेव्हा तिची सासू उठली. तिला उठायला वेळ लागतो. आधी गुडघ्यावर हात, मग शेजारणीच्या खांद्यावर. तोवर सचिव थांबला, कारण म्हातारं माणूस उठत असताना तिथे कुणी पुढे बोलत नाही.

ती सरपंचाशी बोललीच नाही. सदस्याकडे वळून त्याच्याशी असं बोलू लागली जसं त्याच्या अंगणात बसून बोलली असती.

"माजं बी नाय झालं रं," ती म्हणाली. "माजं नाव नाय वाचलंस तू."

सदस्य म्हणाला, काकी, तुमची गोष्ट वेगळी.

"कशी येगळी? मी चाळीस-पन्नास वरसं इथंच हाय. तुज्या आईच्या लगनात मी जेवले. खळ्यात मांडव हुता. तू माज्या शेजारी बसला हुतास पंगतीला. पुढचे दात पडले हुते तुजे, म्हनून मी तुला भात कालवून दिला." ती जरा थांबली, श्वास घ्यायला. "तेवर तुजी आई कोन्या गावची हुती?"

आवारात कुणी हसलं नाही. सदस्याने यादी टेबलावर ठेवली. त्याचं वय पन्नासच्या आसपास असेल, पण त्या क्षणी मला त्याच्या चेहऱ्यात तो पंगतीतला दात पडलेला मुलगा स्पष्ट दिसला. मला त्याची दया आली असं म्हणणार नाही, पण त्याच्यावर माझ्यामुळे ही वेळ आली हे मला कळत होतं. तो अगदी हळू म्हणाला, "तेव्हाची गोष्ट तेव्हा, काकी." म्हातारी म्हणाली, बरं, आणि खाली बसली. बसायलाही तिला तितकाच वेळ लागला.

सरपंच बाई तोपर्यंत फारसं बोलल्या नव्हत्या. त्यांनी सचिवाला विचारलं, पाड्यात कोण राहतं हे ठरवायचा हक्क सभेला आहे का? सचिव म्हणाला, सभेने ठराव केला तर नोंद घेता येईल. मग त्यांनी ठराव मांडला : जी बाई पाड्यातल्या चुलीवर वर्षभर रांधते आणि जेवते, ती त्या पाड्याची. हात वर करा. सदस्याने उठून हरकत घेतली, त्या अकरा जणींचे हात मोजणीत धरू नका, त्यांचाच तर वाद आहे. सरपंच बाई म्हणाल्या, नका धरू. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोलू नका. मोजा."

मी मोजले. बाजूच्या ओळीपासून सुरुवात केली, एकेका हाताला बोट लावल्यासारखं करत. अकरा जणी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. खालच्या नऊ घरांतले बरेच हात खालीच होते. सदस्याच्या ओळखीच्या दुसऱ्या पाड्याचे पुरुष हाताची घडी घालून होते. पहिल्यांदा एकेचाळीस आले. उलट बाजूने परत मोजले, एकेचाळीस. मग विरोधातले हात. सदतीस, अडतीस. मला हात मोजताना इतकी भीती कधी वाटली नव्हती. चाळिसावा हात निघाला असता तर मी चाळीस सांगितले असते, आणि बेचाळिसावा निघाला असता तर बेचाळीस. तेही परत मोजले. अडतीसच होते.

आकडा सांगितल्यावर सचिवाने स्वतः उठून एकदा मोजून घेतलं. बरोबर निघाला. ठराव झाला, आक्षेप निकालात निघाला, आणि अध्यक्षपदाला मग कुणी दुसरं नाव सुचवलं नाही.

टाकी टेपावर बसली. पावसाळ्याआधी पाया भरला गेला. माझ्या नावाची तक्रार मुख्याध्यापकांकडे आली ती वेगळी. मी तिला लेखी उत्तर दिलं : रजा मंजूर होती, सभेत मी एक अपुरं वाक्य बोलले आणि हात मोजले. त्यावर पुढे काही झालेलं नाही. झालेलं नाही म्हणजे होणार नाही असं मी धरून चालत नाही. पंचायतीच्या फायलीत माझी यादी अजून आहे. अकरा ठिकाणी तोच शब्द, खाली माझी सही. ती बदलून घेऊ का असं मी गटप्रमुखाला विचारलं होतं. ती म्हणाली, राहू दे, पुढच्या वेळी तुमाला आठवण राहील.

पुढची यादी नळ जोडायच्या वेळी झाली, आणि ती तिने स्वतः केली. मी फक्त सोबत होते. वहीच्या पानावर तिने वाकड्या रेघांनी तीन रकाने आखले : घर, चूल, माणसं. एका घरात दोन चुली असल्या तर दोन नोंदी, दोन नळ. माझ्या यादीत ती बेचाळीस घरं होती. तिच्या यादीत सत्तेचाळीस चुली भरल्या. म्हणजे माझी यादी असती तर पाच कुटुंबं नळावाचून राहिली असती, आणि मला ते कळलंही नसतं.

शेवटचं घर तिचं स्वतःचं. ओट्यावर बसून तिने ते लिहिलं : चूल एक, माणसं सहा. सासू आतून म्हणाली, बघ गं, म्हाताऱ्याला धरलंस ना? धरलं होतं. पानाच्या उजव्या बाजूला बरीच जागा कोरी होती. ती पाहून माझ्या मनात एक-दोन रकाने आले. ते मी मनातच ठेवले. तिने पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.